गिरणीवरची चावी

गोकुळच्या घराला कुलूप होतं, पण ते नावापुरतं. त्याची एक चावी गोकुळच्या खिशात, दुसरी त्याच्या बायकोच्या, मोनिकाच्या पर्समध्ये आणि तिसरी गल्लीच्या तोंडाशी पारूबाईच्या पिठाच्या गिरणीत, भिंतीतल्या खिळ्याला, सगळ्या जगाच्या देखत लटकलेली. पिशोरहून कुणाला शहरात यायचं झालं, दवाखान्याला, कोर्टाला, पोराच्या परीक्षेला, की गोकुळ फोनवर सांगायचा, बिनघोर या, चावी गिरणीवर आहे. पारूबाई इतकी भली की चावी मागणाऱ्याच्या तोंडाकडंसुद्धा बघत नसे. गिरणीच्या धडधडाटात "गोकुळकडं आलोय" एवढं ओरडून सांगितलं की भागलं. बजाजनगरातल्या त्या गल्लीत एखाद्या चोरानं यायचं ठरवलं असतं, तर त्याला कोयंडा तोडायचे कष्टही पडले नसते. चहासुद्धा करून घेता आला असता, कारण साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हेही गोकुळ फोनवर सांगून मोकळा व्हायचा.

मोनिका करमाडची. करमाड हे जालना रस्त्यावरचं गाव, आणि शेंद्र्याच्या कंपन्या आल्यापासून तिथं शेजारच्या खोलीत कोण कुठला राहतो याचा पत्ता नसतो. तिथली माणसं दार लावून जेवतात. पिशोरची माणसं दार सताड उघडं टाकून झोपतात, आणि दिवसाढवळ्या दार लावलेलं दिसलं तर आत कुणी आजारी आहे का म्हणून विचारायला येतात. अशा दोन गावांची सोयरीक झाली. पत्रिका जुळल्या, मानपान जुळला, पण दार लावायचं की उघडं ठेवायचं हे तेवढं कुणी बैठकीत विचारलं नाही. ते सगळं मग मोनिकाच्या वाट्याला आलं.

तशी गोकुळमध्ये खोट काढायला जागा नव्हती. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार घरात. पण जी गोष्ट मोनिकाच्या काळजाला लागायची, ती हा हसण्यावारी न्यायचा. गॅसचा खटका बंद केला का, मागचं दार लावलं का, श्रेयाला एकटीला दुकानात का पाठवलं, असं तिनं काहीही विचारलं की तो म्हणायचा, "तू पोलिसात जायला पायजे होतीस." श्रेया त्यांची मुलगी, दुसरीतली. तिच्याकडं बघून मोनिकाचा जीव टांगणीला लागायचा आणि तिच्याकडंच बघून गोकुळ डोळा मारायचा, की बघ, आईचं सुरू झालं. पोरगी हसायची. सात-आठ वर्षांच्या पोरीला हसवणारा बाप आवडणार, की कड्या तपासत फिरणारी आई?

तिसरी चावी गिरणीत गेली तिच्यामागं एक प्रकरण होतं. एकदा दुपारी मोनिका घरात एकटी असताना दारावर एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. म्हणाला, गोकुळचा चुलता. मोनिकानं त्याला लग्नात पाहिलं असेल, पण लग्नात नवरीला माणसं दिसतात थोडीच, पायच दिसतात. ती म्हणाली, बाबा, जरा ओट्यावर बसा, मी ह्यांना फोन करते. गोकुळच्या कंपनीत आत जाताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावे लागतात, शिफ्ट सुटेपर्यंत हाताला लागत नाहीत. ती फोन लावत राहिली, म्हातारा उन्हात बसून राहिला, आणि थोड्या वेळानं पिशवी उचलून पाणीही न पिता निघून गेला. तो खरंच चुलता होता. कडुबा त्याचं नाव. गोकुळ लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन बाजार हिंडवलेला.

ते प्रकरण पिशोरात जे पेटलं ते विझेना. गोकुळची बायको पाहुण्याला दारात बसवते, पाण्याला मोताद करते. सासू दगडाबाई दिवाळीत मोनिकाशी एक शब्द बोलली नाही. फराळाचं ताट तिच्या पुढ्यात सरकवलं, तेसुद्धा दुसरीकडं बघत. गोकुळनं तेही हसण्यावारी नेलं, आणि हेच वाईट झालं. तो रागावला असता तर दोन दिवसांत मिटलं असतं. त्यानं त्याचा किस्सा केला. येईल त्याला तो सांगू लागला की आमच्या घरी यायचं तर आधारकार्ड घेऊन या, मॅडम तपासणी करतात. माणसं हसायची, मोनिकाही हसायची. आत तिचं काय व्हायचं ते तिचं तिला माहीत. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यानं तिसरी चावी करून गिरणीत टांगली.

मध्यंतरी पोलिसांनी गल्लीत सभा घेतली. आसपास दोन-चार घरं फुटली होती. साहेबांनी सांगितलं, चावी कुणाकडं ठेवू नका, अनोळखी माणसाला आत घेऊ नका, लहान मुलांना कुणाबरोबर पाठवू नका. मोनिका पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. एकदाचं कुणीतरी तिच्या मनातलं माईकवर बोलत होतं. तेवढ्यात मागून गोकुळनं हात वर केला आणि विचारलं, "साहेब, चोराचं कळलं. पाव्हण्याचं काय करायचं?" सभा हसली, साहेबही हसले. घरी येताना शेजारणी मोनिकाला म्हणाल्या, तुझा नवरा किती मजेदार आहे गं.

मोनिका सकाळी एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि दुपारी जेवायच्या वेळेला परतायची. त्या दिवशी ती परतली तर दार अर्धवट उघडं. उंबऱ्याबाहेर पुरुषाच्या चपला, टाचेला झिजलेल्या, धुळीनं माखलेल्या. आत दिवाणावर एक माणूस बसला होता. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, पांढरा सदरा, खिशात कंगवा, पायाशी कापडी पिशवी. तिला बघून तो लगबगीनं उठला.

"या ताई," तो म्हणाला. तिच्याच घरात तिला. "चावी गिरणीवर घावली. पिशोरचे बाबा म्हनले, खुशाल जा, घर आपलंच हाय. मी बद्रीनाथ. घरचं मानूस दवाखान्यात घातलंय, दोन-चार दिवस टेकायला जागा पायजे होती."

तिच्या कानाला पहिल्यांदा लागला तो 'ताई'. पिशोरची माणसं तिला वहिनी म्हणायची, म्हातारी असली तर सूनबाई. ताई म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. तुम्ही कुणाकडचे, हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर आला. आणि त्याच्या पाठोपाठ ओट्यावर उन्हात बसलेला कडुबा आला, दिवाळीचं सरकवलेलं ताट आलं, आधारकार्डाचा किस्सा आला. तिनं प्रश्न गिळला आणि विचारलं, "पाणी घेता ना?"

स्वयंपाकघरात गेली तर सकाळचे खरकटे कप धुऊन पालथे घातलेले होते. तिनं काही ते धुतले नव्हते. कुणा अनोळखी माणसानं आपले कप चोरले तर बाईला राग येतो, धुऊन ठेवले तर काय यावं हे कळत नाही. तिच्या अंगावर काटा आला तो मात्र खरा.

गोकुळचा फोन अर्थातच लॉकरमध्ये. श्रेया शाळेच्या रिक्षातून उतरली तशी मोनिकानं तिला हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात नेलं, तिथंच खाली बसवून जेवू घातलं, तिथंच अभ्यासाला बसवलं. आणि मग जी बाई दार लावण्यावरून वर्षानुवर्षं भांडली, तिनं आपल्या हातानं पुढचं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं, पडदा वर खोचला, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसावं. बाहेरच्या खोलीत तो बसलेला, आतल्या खोलीत ह्या दोघी. मागचं दार होतं, पण आपल्याच घरातून मागच्या दारानं पळून जायचं कशासाठी, आणि शेजारणीला सांगायचं काय? पाहुणे आले म्हणून पळाले? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती विळीवर भाजी चिरत राहिली. संध्याकाळच्या भाजीनंतर दुसऱ्या दिवशीचीही चिरून झाली.

शिफ्ट सुटल्यावर गोकुळ आला. बद्रीनाथ उठून म्हणाला, "राम राम दाजी." गोकुळनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. राम राम, राम राम, कधी आलात, कपाशी कशी आहे, पाऊस किती झाला, दवाखान्यात कुणी ओळखीचं आहे का. मोनिका दाराआडून नवऱ्याचं तोंड बघत होती. एवढा मोकळा बोलतोय म्हणजे ओळखीचाच. तिचा जीव भांड्यात पडला, निदान तिनं तसं मानून घेतलं. चांगल्या कपांत चहा केला, सोबत चिवडा दिला. तो चहा, तो चिवडा आणि ते 'दाजी' गोकुळनंही टिपलं. पण त्याच्या डोक्यात काय शिजलं ते त्या दिवशी तिला कळायला मार्ग नव्हता.

झोपताना तिनं आतल्या खोलीची कडी लावली, तर गोकुळ म्हणाला, "मोनिका, बाहेर पाव्हणा झोपलाय, वाघ नाय." तिनं कडी काढली नाही. पण तहान लागली तरी पाण्याला उठलीही नाही, कारण माठ बाहेरच्या खोलीतच होता. स्वतःच्या घरात स्वतःच्या माठातलं पाणी प्यायची चोरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथ डबा घेऊन दवाखान्यात गेला. डबा मोनिकानंच भरून दिला, न देऊन सांगते कुणाला. दुपारी ती परतली तर तो तिच्याही आधी आलेला. ओटा झाडून पाणी मारलेलं. हातात कुठूनसा आणलेला स्क्रूड्रायव्हर.

"कोयंडा लई ढिला झाला होता ताई," तो म्हणाला. "एका हिसक्यात निघला असता. पक्का बसवून दिला."

हा कोयंडा बसवून द्या म्हणून ती गोकुळच्या मागं कित्येक महिने लागली होती. आता तो बसला होता, आणि ज्यानं बसवला त्याला तो कसा निघतो हे घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं. ती म्हणाली, "बरं केलंत." दुसरं काय म्हणणार? माणूस वाईट वागला तर बोलायला तोंड असतं. चांगला वागायला लागला की तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संध्याकाळी गोकुळनं कोयंडा हलवून बघितला आणि म्हणाला, बघ, असे पाहुणे पाहिजेत. तू उगाच नाक मुरडतेस. खरं तर तिनं अजून नाक मुरडलंच नव्हतं. तिनं कपाळावरची आठीसुद्धा पाहुण्याच्या समोर पडू दिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी गोकुळची साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी सगळे घरात. मोनिकाचे हात कणकेत, गोकुळ स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा फोडत, आणि श्रेयाला आठवलं की उद्या शाळेत रंगीत कागद न्यायचाय, हिरवा. पोरांना अशा गोष्टी आदल्या दिवशीच आठवतात. गोकुळ म्हणाला, आणू संध्याकाळी. पण पोरीनं तोंड वाकडं केलं, आणि बाहेरून बद्रीनाथचा आवाज आला, "चल माय, मी आनतो तुला कागद. तुमी करा पोळ्या ताई."

श्रेयानं आईकडं बघितलं. शहाणी पोरगी. तिला शिकवलेलंच तसं होतं, कुणीही बोलावलं तरी आधी आईकडं बघायचं. मोनिकानं गोकुळकडं बघितलं. तो शेंगा फोडत होता. दारात बद्रीनाथ चपला घालून उभा होता आणि तिच्या उत्तराची वाट बघत होता. नको म्हणायचं तर कारण काय सांगायचं? तीन दिवस ज्याला जेवू घातलं त्याच्याबरोबर पोरीला कोपऱ्यावर पाठवत नाही, हे त्याच्या तोंडावर कोणत्या तोंडानं म्हणायचं? उद्या तेच पिशोरात जाईल.

"जा काकांबरोबर," ती म्हणाली. "हात धरून जा."

पोरीनं बद्रीनाथचा हात धरला आणि दोघं गेली.

मोनिका पोळी लाटायला लागली. गोकुळनं एक दाणा तोंडात टाकला आणि समाधानानं म्हणाला, "काय म्हण, तुझ्याकडची माणसं लई साधी असतात. आता करमाडला जाऊन सांगतील, दाजीनं कशी सरबराई केली. तू माझ्या चुलत्याचं काय केलंस नि मी तुझ्या पाव्हण्याचं काय केलं, बघ."

लाटणं थांबलं.

"माझ्याकडची?" ती म्हणाली. "ते तर तुमचे पिशोरचे आहेत ना?"

"माझे कुठले? मी तर आयुष्यात पहिल्यांदा बघायलोय. मला दाजी म्हणतात, तुला ताई म्हणतात. तुझेच असणार."

"मग विचारलं कामून नाय?"

"सासुरवाडीच्या माणसाला जावई विचारतो का, तुमी कोण म्हणून? तू विचारायचं."

हे सगळं तो हसत हसतच बोलत होता. मग त्याच्या डोक्यात शिरलं. तोंडातला दाणा तसाच राहिला. मोनिकानं नवऱ्याच्या तोंडावरचं हसू उतरताना लग्नापासून पहिल्यांदा पाहिलं. कधीपासून तिला ते बघायचं होतं, आणि बघितलं तेव्हा तिच्याच पायाखालची जमीन गेली.

तव्यावरची पोळी तशीच टाकून ती कणकेच्या हातांनी धावत सुटली. गोकुळ मागून अनवाणी. कोपऱ्यावरचं वह्या-पुस्तकांचं दुकान दुपारचं बंद होतं, शटर अर्ध्यावर, आत मालक पेपर तोंडावर घेऊन आडवा. त्याला हलवून विचारलं, तर म्हणाला, कुणी आलं नाही. गोकुळ मोठ्या रस्त्याकडं पळाला, जिथून वाळूजकडं ट्रक सुटतात, "श्रेया, श्रेया" असा ओरडत. मोनिका गिरणीत शिरली.

पारूबाईनं गिरणी बंद केली. मोनिकानं विचारलं, आमची श्रेया दिसली का, एका माणसाबरोबर. पारूबाई म्हणाली, दिसली की, तुमच्या पाहुण्याचा हात धरून गेली. कुठं गेली? ते काही बघितलं नाही बाई. काय झालं? मोनिका म्हणाली, पाहुण्याबरोबर गेली. पारूबाई म्हणाली, मग? पीठ दळायला आलेल्या दोघी-तिघी बायका गोळा झाल्या. कसा आहे माणूस, त्यांनी विचारलं. किडकिडीत. कुठला? माहीत नाही. आडनाव? माहीत नाही. कधीपासून आलाय? तीन दिवस झाले. तुमच्याच घरी? आमच्याच घरी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना काही कळेना, आणि मोनिकाला सांगता येईना. पोलिसांत गेली असती तरी हेच सांगावं लागलं असतं. साहेब, चोराला मी चहा दिला, डबा भरून दिला, आणि पोरगी त्याच्या हातात मीच दिली. भिंतीतल्या खिळ्याला चावी लटकत होती. तिला वाटलं, आपण ह्या गिरणीच्या दारातच खाली बसणार आणि पुन्हा उठणार नाही.

"ते काय यायले," पारूबाई म्हणाली.

गल्लीच्या दुसऱ्या टोकानं दोघं येत होती. श्रेयाच्या हातात हिरव्या कागदाची सुरळी, बद्रीनाथच्या हातात कोथिंबिरीची जुडी. पोरगी त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत ऐकत होता. मोनिका धावली आणि तिनं पोरीला उचललं. आता दुसरीतली पोरगी उचलण्याएवढी हलकी राहत नाही, पण तिनं उचलली आणि छातीशी धरून ठेवली. पोरीच्या गणवेशाला कणीक लागली. मोठ्या रस्त्यावरून गोकुळ परत आला, धापा टाकत, पायाला काचेचं काहीतरी लागून रक्त आलेलं.

"तुम्ही कुणाकडचे?" मोनिकानं विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

बद्रीनाथनं तिच्याकडं बघितलं, गोकुळच्या पायाकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं कोथिंबिरीची जुडी दोन्ही हातांत धरली.

"कुनाकडचाच नाय ताई," तो म्हणाला. "मी सोयगावकडचा. माझी बायको दवाखान्यात हाय, तिच्या शेजारच्या खाटेवर पिशोरचे एक बाबा हायेत. मी वऱ्हांड्यात झोपायचो, तर ते म्हनले, आमच्या गोकुळचं घर हाय, चावी गिरणीवर आसती, कुनी काय इचारत नाय. मी खोटं नाय बोललो ताई. मी रोज वाट बघायलो, तुमी आज इचारचाल, उद्या इचारचाल. कुनी इचारलंच नाय."

कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं म्हणून पुढच्या चौकात गेलो, वाटेत भाजीवाला दिसला, घरात कोथिंबीर संपलेली सकाळी पाहिली होती, असं तो खाली बघून सांगत राहिला. मग म्हणाला, मी पिशवी घेतो आणि जातो. मोनिकाला त्या माणसाचा राग येईना, त्याची कीव येईना, पोरीवरचा हात सैल होईना.

बोलला तो गोकुळ. त्याचा श्वास जागेवर आला, रंग जागेवर आला, आणि त्यापाठोपाठ हसूही आलं. "अहो जाताय कुठं?" त्यानं बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली. "जेवल्याबिगर सोडतो का? बायको बरी होईस्तवर ऱ्हायचं. पारूबाई, बघितलं का, काय माणूस निघाला." गिरणीतल्या बायकाही हसल्या. हसू कसलं, सुटकेचं होतं, पण मोनिका तेवढी सोडून सगळ्यांना पुरलं.

जेवताना गोकुळनं सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, धुऊन पट्टी बांधलेला पाय लांब सोडून. पोळी तव्यावर जळाली तेसुद्धा त्यात आलं. बद्रीनाथ मान वर करून जेवला नाही. मग गोकुळ त्याला मोटारसायकलवर दवाखान्यात सोडायला गेला. निघताना मोनिकाला म्हणाला, "मी म्हणलं नव्हतं? जगात चांगली माणसं आसतात. तू उगंच भितीस." माणूस चांगला निघाला होता. पोरगी परत आली होती. एखाद्या बाईचं म्हणणं खरं ठरायला तिच्या पोरीचं वाटोळं व्हावं लागत असेल, तर तिनं खोटंच ठरलेलं बरं. पण मग त्या दाराला कडी कधी लागणार होती? आता तर कधीच नाही. आज ते दार तिच्यासाठी कायमचं उघडं झालं होतं, आणि ती त्याच्या आत.

संध्याकाळी दगडाबाईचा फोन आला. गोकुळनं दवाखान्यातूनच पिशोरला सगळं कळवलं होतं, आणि शेजारच्या खाटेवरचे बाबा कोण तेही उलगडलं होतं, भावकीतलेच निघाले. दिवाळीपासून सुनेशी न बोललेली दगडाबाई भरभरून बोलली. म्हणाली, परक्या माणसाला ओळखदेख नसताना तीन दिवस जेवू घातलंस, एका शब्दानं विचारलं नाहीस, गावात तुझं नाव निघतंय. कडुबा इथंच बसलेत, ते म्हणतात सून सुधारली. मोनिका "व्हय, व्हय" म्हणत राहिली. इतकी वर्षं ज्या कौतुकाला ती तहानली होती, ते आज मिळालं, आणि मिळालं ते न विचारल्याबद्दल.

फोन ठेवून ती आत आली. श्रेया जमिनीवर पालथी पडून हिरव्या कागदाची पानं कापत होती. मोनिका तिच्याजवळ बसली. काय सांगायचं ते तिनं मनात जुळवलं होतं.

"श्रेया, इकडं बघ. उद्यापासून कुणाबरोबरच कुठं जायचं नाय. काका आसू दे, मामा आसू दे, पाव्हणे आसू दे."

"बाबा जा म्हणले तर?"

"तरी नाय."

पोरगी कात्री हातात धरून विचार करत राहिली. "आज तर तू म्हणालीस, जा. हात धर म्हणालीस." तिनं आईकडं निरखून बघितलं. "तू म्हणालीस तर जायचं ना?"

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, आणि गोकुळ कुणालातरी फोनवर हसत हसत सांगत होता की चावी गिरणीवर आहेच. मोनिकानं पोरीच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"नाय," ती म्हणाली. "मी म्हणलं तरी जायचं नाय."